कॅसेटमध्ये राहून गेलेली माणसे

विकत आणलेल्या व्हिडिओ गेममध्ये आपल्याला जेवढे खेळता येते तेवढेच असते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गेमच्या चिपमध्ये किंवा डिस्कवर त्याहून बरेच काही असते. पडद्यावर कधीही न उमटणारी चित्रे असतात, कोणत्याही प्रसंगी न वाजणाऱ्या धुना असतात, ज्यांच्याकडे जाणारी वाटच बंद केली आहे अशा अख्ख्या पातळ्या असतात, चाचणीच्या काळात प्रोग्रामरांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या याद्या असतात, आणि क्वचित एखाद्या माणसाचे नाव असते. गेली काही वर्षे मी रात्रीची कामे आटोपल्यावर हा मागे राहिलेला ऐवज शोधत असतो. हा छंद निरुपयोगी आहे असे अनेकांनी मला सांगितले आहे, आणि त्यांच्याशी मी सहमत नाही. का नाही, ते नीट मांडावे म्हणून हा लेख.

मी लातूरचा. नव्वदच्या दशकात आमच्याकडे व्हिडिओ गेम आला तो जपानी कंपनीच्या नावाने आला नाही. गंजगोलाईच्या आसपासच्या दुकानांत टीव्हीला जोडायची जी यंत्रे मिळत, ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या, हे कळायला मला कॉलेजात जावे लागले. त्यांच्या पिवळ्या, निळ्या कॅसेटांवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. यादी उघडली की मोजके गेमच पुन्हापुन्हा वेगवेगळ्या क्रमांकांखाली भेटत. मारिओ एकदा पहिल्या जगापासून सुरू होई, एकदा चौथ्या. आम्हाला त्याचे काही वाटत नसे. भारनियमनाच्या वेळापत्रकात जेवढा वेळ मिळे तेवढ्यात खेळायचे, आणि वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून, कारण त्या गेमांत प्रगती साठवण्याची सोयच नव्हती.

पण एक गोष्ट मला पुढे फार लागली. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या पडद्यावर शीर्षकाखाली १९८५ हे साल आणि निन्टेन्डोचे नाव आहे. आमच्या कॅसेटांत ती ओळ खोडून टाकलेली असे. नक्कल करणाऱ्यांनी तेवढे बाइट बदलून त्या जागी कोरी जागा भरली होती. त्यामुळे आमच्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या पोरांनी जे गेम शेकडो तास खेळले, ते कोणी केले, कोणत्या देशात केले, कधी केले, यांतले काहीच त्यांना ठाऊक नव्हते. हे गेम माणसे बसून लिहितात, हाच विचार आमच्या मनात कधी आला नाही.

अर्थात मूळ गेममध्ये तरी माणसे कुठे दिसत होती? ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ संपला की राजकन्या आभार मानते आणि पुन्हा खेळायला सांगते. करणाऱ्यांची यादी येत नाही. १९८६ च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’मध्ये यादी आहे, पण तिच्यात शिगेरू मियामोतो हे ‘एस. मियाहोन’ होऊन येतात आणि ताकाशी तेझुका ‘तेन तेन’ होऊन. त्या काळी जपानी कंपन्यांत टोपणनावेच छापण्याचा रिवाज होता, कारण खरी नावे जाहीर झाली तर प्रतिस्पर्धी कंपन्या माणसे पळवतील अशी भीती होती. अमेरिकेतही चित्र निराळे नव्हते. अटारी कंपनी प्रोग्रामरांची नावे देत नसे, आणि त्याच नाराजीतून चार प्रोग्रामरांनी बाहेर पडून १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली.

त्याच अटारीतल्या वॉरन रॉबिनेट यांनी दुसरा मार्ग निवडला. अटारी २६०० या यंत्रासाठी त्यांनी एकट्याने ‘ॲडव्हेंचर’ हा गेम लिहिला. कॅसेटमध्ये जागा होती अवघी चार किलोबाइट. एवढ्याशा जागेतही त्यांनी एक छुपी खोली बसवली. गेममध्ये पार्श्वभूमीच्याच रंगाचा, एका बिंदूएवढा राखाडी ठिपका शोधून तो विशिष्ट ठिकाणी नेला तर त्या खोलीत शिरता येते, आणि तिथे रंग बदलत चमकणारी उभी ओळ दिसते, की हा गेम वॉरन रॉबिनेटने केला आहे. त्यांनी हे कंपनीत कोणालाही सांगितले नाही. सॉल्ट लेक सिटीतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने ती खोली शोधून अटारीला पत्र लिहिले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेले होते. तोपर्यंत कॅसेटा घरोघरी पोहोचल्या होत्या, आणि चिपमध्ये कोरलेले नाव परत घेण्याचा उपाय कोणाकडे नव्हता. मी ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला गेमांकडे पाहण्याची निराळी नजर मिळाली.

रॉबिनेट यांचे नाव मुद्दाम ठेवलेले आहे. गेममध्ये राहून गेलेल्या बहुतेक गोष्टी मात्र मुद्दाम ठेवलेल्या नसतात. त्या काढणे परवडत नाही म्हणून राहतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चाळीस किलोबाइटांचा आहे, त्यांत बत्तीस प्रोग्रामचे आणि आठ चित्रांचे. इतकी चणचण की ढग आणि झुडूप या दोघांसाठी एकच आकृती वापरली आहे, फक्त रंग बदलला आहे. मग अशा ठिकाणी नको असलेली वस्तू का ठेवावी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. प्रोग्राममधून एखादा तुकडा काढला की त्यापुढचे सगळे सरकते, प्रत्येक गोष्टीचा पत्ता बदलतो. प्रोग्रामरचे साधन हे नवे पत्ते मोजून देते खरे, पण मोजून दिलेले सगळे बरोबर चालते की नाही, हे गेम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासल्याशिवाय कळत नाही. कॅसेट कारखान्यात पाठवण्याची तारीख ठरलेली असते, आणि एकदा चिप बनली की चूक दुरुस्त करता येत नाही. अशा वेळी शहाणा प्रोग्रामर नको असलेली पातळी पुसत नाही. त्या पातळीकडे नेणारी एवढीच आज्ञा काढून घेतो. पातळी जिथल्या तिथे राहते आणि तिला कोणी बोलावत नाही.

म्हणून शोधणाऱ्याचे काम एका अर्थी सरळ आहे. कॅसेटची प्रत संगणकात घ्यायची, एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालवायची, आणि गेमने कोणता बाइट वाचला, कोणता नाही, याची नोंद ठेवणारे साधन सुरू करायचे. फॅमिकॉमच्या काही एम्युलेटरांत हे साधन तयारच मिळते. मग गेम खेळायचा, आणि तो अत्यंत चिकाटीने खेळायचा. प्रत्येक वाट चालायची, प्रत्येक शत्रूच्या हातून एकदा मरायचे, दोन खेळाडूंचा डाव लावायचा, वेळ संपू द्यायची, शीर्षकाच्या पडद्यावर काही न करता बसून राहायचे, कारण बसून राहिल्यावर जी प्रात्यक्षिके आपोआप सुरू होतात तीही कुठल्यातरी बाइटांतून येतात. हळूहळू वाचलेले बाइट नोंदीत भरत जातात आणि शेवटी काही पट्टे कोरे उरतात. बऱ्याचदा ते नुसते भरताड असते, एकच आकडा ओळीने लिहिलेला. पण कधीकधी त्या पट्ट्याला आकार असतो. चित्रे दाखवणाऱ्या साधनात तो उघडला की आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन दिसू लागतात, ते जुळवले की एखादा चेहरा बनतो, आणि तो चेहरा गेममध्ये कुठेच नाही. ते क्षण मला अतिशय प्रिय आहेत. ते चित्र काढणाऱ्याने ठिपका ठिपका मोजून काढलेले असते, आणि कोणीतरी एका बैठकीत ठरवलेले असते की हे नको.

इथे एक भेद नीट करायला हवा, कारण या विषयावर बोलताना तो फार वेळा पुसला जातो. प्रत्येक विचित्र गोष्ट म्हणजे दडवलेला ऐवज नव्हे. मारिओचे ‘वजा एक’ जग सर्वांनी ऐकलेले असते. पहिल्या जगाच्या दुसऱ्या पातळीच्या शेवटी भिंतीतून विशिष्ट रीतीने घुसले, आणि पुढच्या जगांत नेणारे पाइप पूर्ण जुळून येण्याआधीच आत उतरले, तर गेम पाइपाचा क्रमांक भलत्याच नोंदीतून वाचतो. त्या नोंदीत ‘इथे पाइप नाही, कोरी जागा दाखव’ या अर्थी ३६ हा आकडा आहे, कारण चित्रांच्या यादीत शून्य ते नऊ अंक, दहा ते पस्तीस अक्षरे आणि छत्तिसावी जागा कोरी आहे. गेम बिचारा छत्तिसाव्या जगात जातो, आणि जगाचा क्रमांक लिहिताना छत्तिसावे चित्र म्हणजे कोरी जागा काढतो. आपल्याला उरलेली आडवी रेघ आणि एक दिसतो, आणि आपण त्याला वजा एक म्हणतो. तिथे मिळणारी पाण्यातली पातळी सातव्या जगातलीच आहे, फक्त तिचा शेवटचा पाइप पुन्हा सुरुवातीला आणून सोडतो, त्यामुळे ती कधी संपत नाही. फॅमिकॉमच्या डिस्कवरच्या आवृत्तीत डेटाची मांडणी वेगळी आहे, म्हणून तिथे अशाच चुकीने निराळ्याच तीन पातळ्या मिळतात आणि त्या पूर्णही करता येतात. हे सगळे मोठे रंजक आहे, पण यात कोणाही माणसाचा हेतू नाही. यंत्राने चुकीच्या ठिकाणचे आकडे पातळी समजून वाचले, इतकेच.

मला हेतू शोधायचा असतो. अजिंठ्याला गेल्यावर बहुतेक लोक पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात रमतात आणि चोविसाव्यापर्यंत पोहोचेस्तोवर दमतात. ते लेणे अर्धवट राहिले आहे. पण लेणी कशी खोदली हे जर कोणत्या लेण्याने स्पष्ट सांगितले असेल तर ते या अर्धवट लेण्यांनी. काम छतापासून खाली कसे येत होते, खांबांसाठी खडक आधी कसा राखून ठेवला होता, छिन्नीचे घाव कुठे दाट आणि कुठे विरळ आहेत, हे तिथे दिसते; पूर्ण झालेल्या लेण्यात ते गुळगुळीत करून मिटवलेले असते. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचा कालक्रम लावला तोही अशाच खुणांवरून, कुठे काम एकाएकी थांबले, दाराची बिजागरी बसवण्याची पद्धत कशी बदलत गेली, यांवरून. गेममधल्या अर्धवट पातळीकडे मी याच श्रद्धेने पाहतो.

‘सॉनिक द हेजहॉग २’ हा १९९२ चा गेम घ्या. त्यात ‘हिडन पॅलेस’ नावाचा एक विभाग तयार होत होता. प्रसिद्धीसाठी दिलेल्या चित्रांत तो झळकलाही होता. विकलेल्या कॅसेटमध्ये तो खेळता येत नाही, पण आवाज तपासण्याच्या पडद्यावर दहाव्या क्रमांकाला एक धून वाजते आणि ती गेममध्ये दुसरीकडे कुठेही येत नाही. ज्या मुलांनी हा पडदा शोधला त्यांना धून ऐकू येत होती आणि जागा सापडत नव्हती. पुढे गेमची एक आधीची, अपुरी आवृत्ती मिळाली आणि त्या विभागाचे रूप लोकांसमोर आले. २०१३ मध्ये मोबाइलसाठी गेम नव्याने लिहिला गेला तेव्हा तो विभाग पुरा करून त्यात घातला. वेळेअभावी गळलेल्या कामाला वीस वर्षांनी पुन्हा जागा मिळण्याची अशी उदाहरणे थोडी आहेत.

म्यूची गोष्ट तर याहून निराळी. १९९६ मध्ये जपानात आलेल्या पोकेमॉनच्या पहिल्या गेममध्ये खेळाडूला दीडशे प्राणी मिळवता येत. काम संपता संपता चाचणीची साधने काढून टाकली तेव्हा कॅसेटमध्ये सुमारे तीनशे बाइट मोकळे झाले, आणि प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी त्या जागेत एकशे एकावन्नावा प्राणी, म्यू, बसवला. चाचणी संपल्यावर गेमला हात लावायचा नसतो, हा या धंद्यातला सर्वांत कडक नियम आहे आणि तो त्यांनी मोडला. म्यू भेटावा अशी कोणतीही वाट गेममध्ये ठेवली नव्हती. पण गेममधल्या दुसऱ्या दोषांमुळे काही मुलांना तो भेटला, ती बातमी शाळाशाळांत पसरली, आणि शेवटी एका मासिकामार्फत वीस वाचकांना म्यू देण्याची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास अर्ज आले. एका माणसाने मोकळ्या जागेचा मोह न आवरल्यामुळे हे घडले. तीनशे बाइट म्हणजे या परिच्छेदाच्या चतुर्थांश भागाहूनही कमी मजकूर.

सगळेच राहून गेलेले चांगले असते असे मी म्हणत नाही. १९८८ मध्ये नामको कंपनीने काढलेल्या एका जपानी साहसकथेच्या गेममध्ये एका प्रोग्रामरने सहकाऱ्यांवरचा राग लिहून ठेवला आहे, नावांसकट, अत्यंत कडवट शब्दांत. गेम संपल्यावर दीर्घ काळ थांबून ठरावीक बटणे दाबली तरच तो दिसतो, आणि कित्येक वर्षे तो कोणी पाहिला नव्हता. तो वाचताना मला परक्याचे पत्र उघडल्यासारखी शरम वाटली. दुसरे उदाहरण ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’चे. २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेल्या या गेममध्ये एक अश्लील प्रसंग लिहून नंतर बंद केला होता. २००५ मध्ये एका डच प्रोग्रामरने संगणकावरच्या आवृत्तीत तो सुरू करून दाखवला. हे बाहेरच्यांनी घुसवले आहे, असा पवित्रा प्रारंभी घेतला गेला. पण प्लेस्टेशनच्या विकलेल्या डिस्कवरही तोच प्रसंग असल्याचे दिसले, आणि बाहेरून डिस्कवर काही लिहिता येत नसल्यामुळे तो वाद तिथेच मिटला. अमेरिकेत गेमचे वर्गीकरण बदलून केवळ प्रौढांसाठी असे झाले आणि दुकानांतून डिस्का काढून घेतल्या गेल्या. वाट बंद केली म्हणजे जबाबदारी संपली असे नाही, हे त्या प्रकरणाने सगळ्या कंपन्यांना शिकवले, आणि तेव्हापासून वापरात नसलेला ऐवज खरोखर काढण्याकडे कल वाढला. एका परीने ते योग्यच झाले, आणि तरीही माझ्यासारख्याला त्याची हळहळ वाटते.

आणखी एक सीमा मी स्वतःपुरती आखली आहे. विकलेल्या कॅसेटमध्ये जे आहे ते विकत घेणाऱ्याच्या हातात दिलेले आहे. ते वाचणे मला गैर वाटत नाही. पण २०२० मध्ये निन्टेन्डोच्या अंतर्गत संग्रहातून बरीच सामग्री बाहेर फुटली आणि ‘सुपर मारिओ ६४’मधल्या लुईजीचे, म्हणजे मारिओच्या भावाचे, तुकडे त्यात मिळाले, तेव्हा अनेकांना झाला तसा निखळ आनंद मला झाला नाही. लुईजीचे ते तुकडे दुकानात विकलेल्या कॅसेटमध्ये नव्हते. ते करणाऱ्यांच्या कपाटात होते, आणि कपाट त्यांनी उघडलेले नव्हते.

मुद्दाम ठेवलेल्या गोष्टींत मला सर्वांत थोर वाटते ती सातोरू इवाता यांची आठवण. इवाता पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, पण मुळात ते प्रोग्रामर, आणि १९८४ चा फॅमिकॉमवरचा ‘गोल्फ’ हा गेम त्यांनी लिहिलेला. ११ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विच हे यंत्र आले आणि काही महिन्यांनी लोकांना आढळले की यंत्राच्या आत तो ‘गोल्फ’ ठेवलेला आहे. यंत्रातली तारीख ११ जुलै असेल, आणि इवाता भाषणात दोन्ही हात पुढे करून जी खूण करत तशी दोन्ही हातांतले नियंत्रक धरून केली, तरच तो सुरू होई. कंपनीने याचा गाजावाजा केला नाही. पुढे यंत्राची प्रणाली अद्ययावत होताना तो गेम काढला गेला, आणि नव्या काळाची अडचण इथेच आहे. चिपमध्ये कोरलेले रॉबिनेट यांचे नाव अटारीला परत घेता आले नाही. आजचा गेम रात्रीतून बदलतो, आणि सकाळी आदली आवृत्ती कोणाकडेच नसते.

आता पुन्हा आमच्या कॅसेटांकडे येतो. लातूर, परभणी, नांदेड इथल्या परिचितांच्या माळ्यांवरून मिळालेल्या जुन्या कॅसेटा मी एका वाचकयंत्राने संगणकात उतरवतो. काम वेळखाऊ आहे. आत नेहमीची पायांची चिप नसते. काळ्या रसायनाचा गोळा थेट पट्टीवर ओतलेला असतो. फॅमिकॉमला प्रोग्रामचे एका वेळी बत्तीस किलोबाइटच दिसतात, म्हणून मोठ्या कॅसेटमधले सर्किट वेगवेगळे भाग आळीपाळीने पुढे करते, आणि ते कोणत्या आज्ञेने करते हे प्रत्येक नक्कलकाराने आपापल्या मनाने ठरवलेले असते. तेवढे उलगडले की गेम मोकळे होतात. अशाच एका कॅसेटमध्ये १९८५ चा ‘बॅटल सिटी’ होता, आमच्याकडे ज्याला सगळे टँकवाला गेम म्हणत. शीर्षकाच्या पडद्यावरून नामकोचे नाव आणि साल खोडलेले होते. पण मूळ ‘बॅटल सिटी’मध्ये प्रोग्रामरने एक इंग्रजी ओळ लपवलेली आहे, की हा प्रोग्राम अमुक टोपणनावाच्या माणसाने लिहिला आणि त्याचे अमुक मुलीवर प्रेम आहे. मी आमच्या कॅसेटचे बाइट तपासले. ती ओळ अक्षरन् अक्षर जागेवर होती. नक्कल करणाऱ्यांनी दिसणारी नावे पुसली होती. ही त्यांना दिसलीच नव्हती, म्हणून तिच्या वाट्याला कोणी गेले नाही. गंजगोलाईतून विकत आणलेल्या त्या निनावी कॅसेटमध्ये एका तरुणाने आपले काम आणि आपले मन दोन्ही लिहून ठेवले होते, आणि मोठा भाऊ आणि मी कितीतरी उन्हाळे त्याच्या गेममधल्या तळावरच्या गरुडाचे विटांआडून रक्षण करत होतो.

या स्थानिक नकलांची नोंद जगात फारशी झालेली नाही. मूळ जपानी कॅसेटा जपणारे संग्राहक पुष्कळ आहेत, पण भारतात विकल्या गेलेल्या कॅसेटांत कोणी काय बदलले, कोणत्या गेमची कोणती आवृत्ती घेतली, यादीत न दाखवलेले कोणते गेम आत राहिले, हे त्या उतरवल्याशिवाय कळणार नाही. म्हणून विनंती आहे. घरी अशी कॅसेट असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका. तिची टोके पॉलिश पेपरने घासू नका आणि फुंकूही नका, कारण तोंडातल्या ओलाव्याने तांबे गंजते. आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसा आणि कोरड्या डब्यात ठेवा. आणि ती उतरवून घेता येईल अशी व्यक्ती जवळपास असेल तर तिच्या हाती एक दिवसासाठी द्या. वरचे लेबल फाटलेले असले, यंत्रात लावल्यावर पडद्यावर नुसती करडी पट्टी येत असली, तरीही द्या. माझ्याकडे आलेल्या अशा बंद समजल्या गेलेल्या कॅसेटांपैकी बऱ्याच पूर्ण वाचता आल्या.